गडआईचं माहेर

मी वलवणची. धरणाकाठी, लोणावळ्याच्या कुशीत वाढलेल्या माणसाला पर्यटक म्हणजे काय ते वेगळं शिकवावं लागत नाही. शनिवार उजाडला की आमच्या दारावरून गाड्यांची रांग लागायची. गाडीतून उतरणारा प्रत्येक जण आधी ढगांकडे बघून हरखायचा आणि मग बाथरूम कुठे आहे ते विचारायचा. तेव्हाच मी ठरवलं होतं, आपण आयुष्यात कुठलंही ठिकाण 'बघायला' म्हणून जायचं नाही.

लग्न होऊन परंदवडीच्या बाजूला आले, तर सासरची माणसं माझ्याही पुढची निघाली. सासऱ्यांना, म्हणजे महिपती आबांना, शिवारातून लोहगड दिसतो. सत्तरी आली तरी ते त्यावर चढलेले नाहीत. का, म्हणून विचारलं तर म्हणतात, "आपलाच हाय की. पळून चाललाय व्हय?"

अशी माणसं फाल्गुनातल्या एका रविवारी पहाटे उठून, घाट उतरून, समुद्रातला किल्ला बघायला निघाली. कुणाला वाटेल हौस. हौस कसली! कारण होतं मान.

मान हा आमच्या घरातला एक जास्तीचा माणूस आहे. त्याचं ताट सगळ्यांच्या आधी वाढावं लागतं आणि तो कधी पोटभर जेवत नाही. आमच्या देव्हाऱ्यात गडआई आहे. नारळाएवढी काळी शिळा, तिच्या कमरेवरून एक पांढरी शीर गेलेली. चैत्रात गावची यात्रा भरते ती गडआईची. पालखी आमच्या दारातून निघते आणि तिला पहिला खांदा आबांचा लागतो. का? तर आबांच्या मूळपुरुषानं कोकणातला खारेकोट किल्ला सर केला आणि गडाची देवी सोबत आणली म्हणून. पुरावा? आबांच्या वडिलांनी सांगितलं होतं. त्यांना त्यांच्या वडिलांनी.

या गडआईच्या दोन खोडी होत्या. एक म्हणजे ती सरळ बसायची नाही. बूड एका बाजूनं तिरकं तुटलेलं, त्यामुळे खाली चुंबळ लागायची. डोक्यावर हंडा घेताना बायका फडक्याची वळी ठेवतात, तशी. दुसरी खोड म्हणजे तिला आंघोळ मिठाच्या पाण्यानं लागायची. घंगाळात मूठभर खडेमीठ टाकायचं आणि मग देवी न्हाऊ घालायची. मी नवी असताना याचंही कारण विचारलं होतं. "पूर्वीपासून हाय," असं उत्तर मिळालं. आमच्याकडे या उत्तराच्या पुढे रस्ता नाही.

ही आंघोळ, ही चुंबळ, सगळं माझ्या सासूबाईंकडे. कस्तुराबाई त्यांचं नाव, आम्ही आत्या म्हणतो. लग्न होऊन आल्या त्या दिवसापासून देवीची उस्तवार त्यांनी केली आणि यात्रेच्या दिवशी फेटा बांधून मिरवलं आबांनी. यात आत्यांना कधी काही वावगं वाटलं नाही. त्यांचं दुखणं वेगळं होतं.

आत्यांचं माहेर आंबी. आमच्यापासून अर्ध्या तासाच्या वाटेवर, तळेगावच्या पलीकडे. तिथे त्यांचा धाकटा भाऊ, निवृत्तीमामा. मामांच्या मुलीच्या लग्नात पहिला फेटा आबांना बांधायचा सोडून चुकून एका पुढाऱ्याला बांधला गेला. आबा मांडवातून उठले. जेवले नाहीत, आम्हालाही जेवू दिलं नाही. अक्षता हातातच राहिल्या. त्या दिवसापासून आंबी बंद. भाऊबीज बंद, राखी बंद, सुखदुःखाला जाणं बंद. एक तप उलटून गेलं.

गंमत अशी की माझा नवरा संदेश आंबीच्याच एका कंपनीत कामाला आहे. रोज मामाच्या दारावरून जातो. मामी त्याच्या डब्याच्या पिशवीत कधी मेथी, कधी हरभऱ्याचा पाला टाकते. आत्या ती भाजी करतात आणि आबा बोटं चाटत म्हणतात, "बाजारात आसली भाजी मिळत न्हाई." खरंच आहे. बाजारातली नसतेच ती. आत्या तेव्हा चुलीकडे तोंड करून बसतात. मला त्यांचा चेहरा दिसतो, आबांना दिसत नाही.

तर त्या मानाला यंदा दृष्ट लागली. आबांचे चुलतभाऊ भिमाजी तात्या गावकीच्या बैठकीत उभे राहिले आणि म्हणाले, "कसला गड आन कसलं काय. गोटा हाय तो नदीतला. पवनेत आसं रगड पडल्यात. देवी समद्या भावकीची, तवा खांदा पाळीपाळीनं."

आबांचा चेहरा असा झाला की मला वाटलं आता दवाखाना गाठावा लागतो. पण ते गरजले, "चल गडावर! तितं दाखवतो तुला!"

गावकीनं ते उचलून धरलं. यात्रेआधी जाऊन या, पुरावा दिसला तर मान महिपतीचा, न दिसला तर पाळीपाळीनं. आबांनी गड उभ्या जन्मात पाहिला नव्हता. कुठे आहे तेही मोबाईलवर संदेशनं शोधून दिलं. पण बोललेला शब्द मागे घेणं हे मानात बसत नाही.

गाडी भिमाजी तात्यांच्या मुलाची, सत्यमची होती, आणि सत्यम व्हिडिओ काढायला म्हणून येणार होता. तो दिवसभरात खातो त्याहून जास्त व्हिडिओ काढतो. चालवायला संदेश. मी आत्यांच्या सोबतीला. निघताना बघते तर आत्या स्टीलच्या डब्यात चुंबळीवर गडआई बसवून, वर खण झाकून तयार. पिशवीत पुरणपोळ्या, नारळ, हिरव्या बांगड्या.

"देवीला कशाला?" मी विचारलं.

"तिचं म्हायेर नव्हं का ते? आपुन समदी चाललो आन तिला एकटीला घरी ठिवायचं?" आत्या म्हणाल्या. "आन म्हायेरी मोकळ्या हातानं जात्यात व्हय?"

आबांना ते फारच पटलं. "बराबर हाय! देवी संगं आसली की वळख पटंल." पुढे काय वाढून ठेवलंय याची बिचाऱ्यांना कल्पना नव्हती.

खंडाळ्याचा घाट उतरलो, तसा उकाडा वाढला. मधल्या सीटवर आबा एका खिडकीला, तात्या दुसऱ्या खिडकीला, मध्ये एक माणूस आरामात झोपेल एवढी जागा. मागच्या सीटवर आत्यांच्या मांडीवर देवी आणि शेजारी मी. तात्यांनी वाटेत दोनदा "गोटा" असा शब्द वाऱ्यावर सोडला. आबांनी दोन्ही वेळा काच वर केली.

मग समुद्र दिसला. खारेकोट किनाऱ्यापासून थोडा आत, काळ्या कातळावर उभा. ओहोटी होती, त्यामुळे खडकांतून पायवाट उघडी पडली होती आणि माणसं चालत जात-येत होती.

आबांनी डोळ्यांवर हात धरून किल्ला न्याहाळला. मूळपुरुषानं सर केलेला किल्ला म्हणजे किमान लोहगडाच्या दुप्पट तरी असेल, अशी त्यांची समजूत असावी. शेवटी म्हणाले, "बारीकच हाय की."

"सर कराया सोपा," तात्या म्हणाले.

आत शिरलो. दरवाज्याची एक कमान शाबूत, बाकी तटावर करवंदीच्या जाळ्या. गंजलेला एक फलक होता. खाऱ्या वाऱ्यानं त्यातली निम्मी अक्षरं खाल्लेली. हा किल्ला कुणी बांधला, कुणी घेतला, कुणी परत घेतला आणि कुणी परत दिला, ते लिहिलं होतं. आबा प्रत्येक नावावर बोट फिरवून आपलं आडनाव शोधत होते. सापडलं नाही. तळाला एक ओळ होती, ती मी मोठ्यानं वाचली: किल्ला बांधण्याच्या कैक शतकं आधीपासून या बेटावर गोड्या पाण्याचं कुंड आणि देवीचं ठाणं होतं, आणि तट त्याच्याभोवती उभा राहिला.

"चला कुंडाकडं," आबा म्हणाले. आवाज जरा उतरला होता.

कुंड किल्ल्याच्या मधोमध. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मधे हे गोडं. पायऱ्या झिजून गुळगुळीत झालेल्या. एका कडेला चिंचेच्या सावलीत एक म्हातारी कोळीण लिंबू सरबत विकत होती. लीलाबाई तिचं नाव. सरबत विकता विकता कुंडावरच्या देवींना दिवा लावायचं कामही तिच्याच घराकडे होतं. तिनं आम्हाला विचारायच्या आधीच ग्लास भरायला घेतले.

कुंडाच्या पलीकडे कातळात ओळीनं खळगे कोरलेले होते आणि त्यात शिळा बसवलेल्या. काळ्या, शेंदूर लावलेल्या, आणि प्रत्येकीच्या कमरेवरून एक पांढरी शीर गेलेली. सहा शिळा. सातवा खळगा रिकामा. त्यात नुसतं एक ताजं फूल.

मी आत्यांकडे पाहिलं. त्यांनी डब्यावरचा खण आधीच बाजूला केला होता.

"आरं बघ!" आबा एवढ्या मोठ्यानं ओरडले की चिंचेवरचे कावळे उडाले. "बघ भिमाजी! शीर बघ! दगूड बघ! आता म्हन नदीतला गोटा! सत्या, काढ रं इडिओ! समद्या गावाला दाव!"

सत्यम काढतच होता. तात्यांचं तोंड कडू कारलं खाल्ल्यासारखं. त्यांनी एकदा सहा शिळांकडे पाहिलं, एकदा डब्याकडे पाहिलं आणि सरबताचा ग्लास खाली ठेवला. आबांनी मिशीवरून हात फिरवला. इतक्या वर्षांत त्यांना एवढं आनंदी मी पाहिलं नव्हतं.

लीलाबाई पदराला हात पुसत जवळ आली. डब्यात वाकून बघितलं. मग हळूच म्हणाली, "आयली गं बाय."

"व्हय, आली," आबा म्हणाले. "आमच्या मूळपुरुषानं गड सर केला न्हवं, तवा संगं आनलेली."

"सर केला?" लीलाबाईला खरोखरच नवल वाटलं. "सर नाय केला बाबा. गड पडला तवा पळाला तो. आमचे आजीची आजी सांगं. घाटावरचा शिपाई होता, या कुंडावर पहाऱ्याला. गड गेला तसं समदे पळाले. त्यो पळताना सातवीला घेऊन पळाला."

सत्यमनं व्हिडिओ बंद केला नाही.

"चोर नाय म्हणत मी त्याला," लीलाबाई समजुतीनं म्हणाली. "जीव घेऊन पळणारा माणूस काय उचलतो? त्यानं देवी उचलली. पन आमची सातवी गेली ती गेलीच. दर वरसाला सात जणींची ओटी भरतंव. सहा जणींची हितं ठेवायची, सातवीची समुद्रात सोडायची. समुद्र काय घाट चढत नाय. तरी बी सोडायची."

मी मिठाच्या घंगाळाचा विचार करत होते. त्या पळणाऱ्या माणसानं पहिल्यांदा पाण्यात मीठ टाकलं असेल तेव्हा त्याच्या मनात काय असेल? देवीला घरची आठवण येऊ नये म्हणून टाकलं, की यावी म्हणून?

आबांच्या मनात मात्र वेगळीच चक्रं फिरत होती. पुरावा हवा होता, पुरावा मिळाला होता. पण तो असा मिळाला की मान्य केला तर मूळपुरुष पळपुटा आणि देवी इथली. आबांनी घसा खाकरला.

"मावशी, तुमची काय तरी चूक हुतीया. आमची देवी येगळी. आमची..." त्यांनी तात्यांकडे बघायचं टाळलं. "आमची नदीतली."

"आरं व्वा!" तात्या उसळले. "नदीतली? शीर बघ की महिपती! आत्ता तूच बोंब ठोकलीस न्हवं? हितलीच हाय ती. ठेवा तिला हितं आन चला घरी. मिटला वाद!"

"गोटा हाय म्हनत हुतास तूच!"

"मी आपला बोलायचं म्हनून बोललो!"

दोघांनी भूमिका अशी बदलली, जसे दोन पाहुणे चुकून एकमेकांच्या चपला घालून निघावेत. आबा पवना नदीतल्या गोट्यांचं वर्णन करू लागले आणि तात्या मूळपुरुषाच्या देवभक्तीचं. जवळ एक पुण्याचा ग्रुप फोटो काढत होता, तोही थांबून ऐकायला लागला.

मध्येच सत्यम म्हणाला, "तात्या, पण मग यात्रेत पालखीत काय ठेवायचं?"

तात्या थांबले. ही गोष्ट त्यांच्या लक्षातच आली नव्हती. देवी इथे राहिली तर पालखी नाही, आणि पालखी नाही तर खांदा कशाला, पहिला काय आणि पाळीपाळीचा काय. त्यांनी शिळेकडे पुन्हा एकदा निरखून पाहिलं.

"तसं बघाया ग्येलं तर," ते सावकाश म्हणाले, "नदीतलीच वाटती."

"मंग! मी काय म्हनतोय!" आबा म्हणाले. कित्येक वर्षांत दोघा भावांचं पहिल्यांदा एकमत झालं, आणि तेही दोघांना ठाऊक असलेल्या खोट्यावर.

"बसवून तर बघा," लीलाबाई म्हणाली. "बसली तर आमची. नाय बसली तर तुमची."

आबा काही बोलायच्या आत आत्या उठल्या होत्या. गडआईला दोन्ही हातांनी उचललं, पदरानं पुसलं आणि पायऱ्या उतरून पलीकडे गेल्या. रिकाम्या खळग्यातलं फूल बाजूला केलं. शिळा ठेवली. सवयीनं एका हातानं आधार धरून त्या चुंबळ पुढे सरकवायला लागल्या, आणि थांबल्या.

हळूहळू त्यांनी हात काढून घेतला.

गडआई सरळ बसली होती. चुंबळीशिवाय. तुटलेलं बूड खळग्याच्या तुटलेल्या कडेत जाऊन बसलं होतं. सातही जणींच्या कमरेवरची पांढरी रेघ आता सलग एका ओळीत दिसत होती.

आत्या रिकामी चुंबळ हातात घेऊन उभ्या राहिल्या. "आयुष्यभर हिला टेकू देत बसले," एवढंच म्हणाल्या. मला रडू आलं, खरं सांगते. बाजूला पुण्याचा ग्रुप होता म्हणून मी सरबताचा ग्लास तोंडाला लावला.

आबा सावरले. "बरं, बघितलं. आता उचल. पानी बी वाढाया लागलंय."

खरंच, तटाच्या पडक्या खिडकीतून दिसत होतं, पायवाटेच्या दोन्ही बाजूंनी पाणी सरकत होतं. आबा चकित झाले. आमच्याकडे पाणी उतरलं की उतरलं, वाढलं तर कुणीतरी वाढवलेलं असतं. "धरनाचं दार कुनी उघाडलं?" त्यांनी विचारलं.

"याला दार नसतं, बाबा," लीलाबाई म्हणाली. "भरती हाय. निघा लवकर." आणि आत्या वाकून शिळेला हात लावणार तोच ती मधे पडली. "हिला कुठं? म्हायेरी आयलेली पोर त्याच दिसाला कोन परत नेतं?"

आत्यांनी मान वळवून आबांकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. त्या बघण्यात काय होतं ते मला कळलं. आबांना कळलं की नाही, देव जाणे. पण त्यांनी भोवताली नजर टाकली. पुण्याचा ग्रुप, सहा-सात फोन त्यांच्यावर रोखलेले, सत्यमचा तर नाकाजवळ. अशा वेळी आबांमधला आबा मागे राहतो आणि मान पुढे येतो. त्यांनी टोपी नीट केली, छाती पुढे काढली.

"मंडळी," ते म्हणाले, "आमच्या मूळपुरुषानं संकटात देवीला अंगाखांद्यावर सांभाळली. आज मी तिला सोताहून म्हायेरी आनून पोचवली. मान गेला तर जाऊंद्या. पर लेकीचं म्हायेर तोडनारी मानसं न्हाई आमी!"

टाळ्या पडल्या. एका मुलीनं तर डोळे पुसले. लीलाबाईनं मानाचा नारळ आबांच्या हातात दिला आणि आबांनी तो असा धरला की जणू हे सगळं ठरवूनच आले होते. आत्यांनी सातवीची ओटी भरली, बांगड्या ठेवल्या, पुरणपोळ्या लीलाबाईच्या हवाली केल्या. मग आम्ही पळालो. गुडघाभर पाण्यातून, कपडे वर धरून, आबा पुढे आणि तात्या त्यांच्या दंडाला धरून. या घराण्यातला माणूस याच गडावरून दुसऱ्यांदा पळत होता. मी हे मनातच ठेवलं.

परतीच्या वाटेवर मधल्या सीटवरची जागा मिटली होती. दोघे भाऊ गुडघ्याला गुडघा लावून बसले. विषय एकच, यात्रेचं काय?

"एक इचार आलाय," तात्या खोपोलीजवळ म्हणाले. "रागावू नगंस. पवनेतनं एखादा बरासा गोटा..."

आबा घाट चढताना म्हणाले, "काळाच बघावा लागंल."

"शिरीचा मिळंल की. शोधला तर मिळंल."

"पर उचलनार कोन? ज्येनं उचलला त्येचा पहिला खांदा."

"म्हंजे मीच. इचार माजा हाय."

"गडावर मी घेऊन गेलतो, तू न्हाई!"

लोणावळा येईपर्यंत दोघे पुन्हा आपापल्या खिडकीला गेले होते. आत्यांच्या मांडीवर आता डबा नव्हता, नुसती चुंबळ होती. ती त्या बोटांनी उलटसुलट करत होत्या.

पुढे बसलेल्या सत्यमनं व्हिडिओ कापून, जोडून, मागे हलगी लावून गावाच्या ग्रुपवर टाकला. मग तो तोच पुन्हा पुन्हा लावून बघत बसला. गाडीत दर थोड्या वेळानं आबांचा आवाज घुमायचा, "लेकीचं म्हायेर तोडनारी मानसं न्हाई आमी!" पाठोपाठ टाळ्या. "आबा, लाईक बघा नुसते! तळेगाव, सोमाटणे, आंबी, सगळीकडे गेलाय!" सत्यम म्हणाला. आबा खूश होते. आंबी हे नाव त्यांनी ऐकलं नाही, किंवा ऐकल्याचं दाखवलं नाही.

दिवेलागणीला वडगाव मागे पडलं. तळेगावचे दिवे दिसायला लागले. तेव्हा आत्या पुढे वाकल्या.

"संदेश, गाडी आंबीकडं घे."

संदेशनं आरशातून मागे पाहिलं. आबा दचकले. "आंबीकडं कशाला?"

"देवीला सोडली. आता मला सोडा."

"डोकं फिरलंय का तुजं? कुनी बोलावलंय आपल्याला?"

"तिला तरी कुनी बोलावलं हुतं?" आत्यांचा आवाज चढला नव्हता. भाकरी थापताना बोलतात तसं सरळ बोलत होत्या. "तिची जागा इतकी वर्सं फुलं घालून राखून ठेवलीया त्या बाईनं. माजी राखलीय का न्हाई, बघू तरी द्या."

आबांनी तोंड उघडलं. त्याच क्षणी पुढून सत्यमचा मोबाईल गरजला, "लेकीचं म्हायेर तोडनारी मानसं न्हाई आमी!" टाळ्या पडल्या. तात्या खिडकीबाहेर बघत खोकल्याचं नाटक करू लागले.

संदेशनं गाडी वळवली. मी माझ्या नवऱ्यावर तेवढं प्रेम लग्नाच्या दिवशीही केलं नव्हतं.

निवृत्तीमामांच्या दारात गाडी थांबली. ओट्यावर दिवा होता. आत्या उतरल्या, चुंबळ अजून हातातच. मी मागोमाग गेले. आबा गाडीत ताठ बसून राहिले, नजर समोर, कुणीतरी काच वाजवेल आणि "दाजी, या" म्हणेल म्हणून.

मामा बाहेर आले. मोबाईल त्यांच्याही हातात होता. बहिणीला बघून ते तसेच ओटा उतरले. मामी आतून पळत आली आणि भाकरीच्या पिठानं भरलेल्या हातांनीच आत्यांच्या गळ्यात पडली. तिघंही रडत आत गेली. गाडीकडे कुणाचंही लक्ष गेलं नाही. एवढा मोठा माणूस दारात बसलाय, हे ती माणसं साफ विसरली. रागानं नाही, आनंदानं विसरली, आणि ते जास्त वाईट.

थोड्या वेळानं आत्या एकट्याच ओट्यावर आल्या. आबांनी लगबगीनं काच खाली केली.

"जावा तुमी," आत्या म्हणाल्या. "मी ऱ्हाते. म्हायेरवाशीण त्याच दिशी परत जात न्हाई."

"आन येनार कवा?"

"आनाया कुनी आलं की. पर तुमी या. पोरांना धाडू नगा."

घरी आल्यावर आबांनी देव्हाऱ्यापुढे दिवा लावला. आत पाट होता, पाटावर काही नव्हतं. पुढचे दोन-चार दिवस त्यांनी संदेशला कामावरून येताना "तुजी आई काय म्हनती?" एवढंच विचारलं. संदेश म्हणायचा, "बरी आहे." मेथी येत होती. आबांनी एक दिवस घास तोंडात घेतला, थांबले, आणि माझ्याकडे पाहिलं. "ही भाजी आंबीची हाय का गं?"

"पहिल्यापासून," मी म्हणाले.

आबांनी ताट मात्र पुसून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर आबा आरशासमोर. हातात यात्रेतला गुलाबी फेटा. आजवर तो त्यांना दुसऱ्यानंच बांधला होता, तेही सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांसमोर. स्वतःच्या हातानं त्यांना येत नव्हता. दोनदा सुटला. तिसऱ्यांदा कसाबसा बसला.

"सारिका," त्यांनी हाक मारली. "आंबीला जाऊन येतो. नीट बसलाय का बघ."

"जरा तिरका आहे," मी म्हणाले. "पण चालेल."

आबांनी फेट्याला हात लावला नाही. तसेच निघाले.